मेघांतील दप्तर

मराठी घरांत दप्तराला एक मान असतो. पूर्वीं ट्रंकेच्या तळाशीं तांबड्या रुमालांत बांधलेलें एक गांठोडें असे, आणि त्याला हात लावावयाचा नाहीं हें घरांतील लहान मुलालाहि सांगावें लागत नसे. घराचें खरेदीखत, सातबाराचे उतारे, पत्रिका, शाळेचे दाखले, एखाद्या पणजोबांच्या हातचें वंशावळीचें पान, हें सर्व त्या एका गांठींत असे. आतां ती गांठ सुटली आहे. तींतले कागद फोनच्या कॅमेऱ्यानें टिपले जातात, नवे कागद तर फोनवरच जन्मास येतात, आणि ते कोठें ठेवले असें विचारलें म्हणजे उत्तर येतें, ‘क्लाउडवर.’ क्लाउड म्हणजे मेघ. आकाशांतील मेघाकडे पाहून शेतकरी कधीं निश्चिंत होत नाहीं. शहरांतील सुशिक्षित कुटुंबें मात्र या दुसऱ्या मेघावर फार लवकर निश्चिंत होतात. ही निश्चिंती कितपत रास्त आहे, आणि फोनमधील कोणत्या थोड्या सेटिंगांवर ती अवलंबून आहे, हा आजच्या भाषणाचा विषय.

मेघ हें नांव काव्यमय असलें तरी वस्तु अगदीं भूमीवरची आहे. मोठमोठ्या इमारतींत हजारों संगणक रात्रंदिवस चालू ठेवलेले असतात. त्यांना अखंड वीज लागते, आणि ते तापूं नयेत म्हणून थंडाव्याची व्यवस्था लागते. अशा संगणकांवरील थोडी जागा कंपनी ग्राहकास देते आणि इंटरनेटच्या द्वारें ती त्याच्या फोनशीं जोडते. ॲपलची आयक्लाउड ही सोय २०११ सालीं सुरू झाली, गूगल ड्राइव्ह २०१२ सालीं आलें, आणि मायक्रोसॉफ्टच्या अशाच सोयीस २०१४ पासून वनड्राइव्ह हें नांव मिळालें. तात्पर्य, मेघांत कागद ठेवणें म्हणजे परक्याच्या वाड्यांत कोठडी घेऊन तींत आपली पेटी ठेवणें होय. वाडा पक्का आहे, पहारा चांगला आहे, आणि एक यंत्र बिघडलें तर दुसऱ्यावरून कागद मिळावा म्हणून वाड्याच्या मालकानें त्याच्या अनेक प्रती केलेल्या असतात. मग भय कशाचें? भय असें, कीं येथील पहारेकरी अत्यंत आज्ञाधारक आहे. कोठडीचा धनीच ‘हा कागद काढून टाका’ म्हणाला, तर तो सर्वच प्रतींची वाट लावतो. आणि आपण असें कांहीं म्हणालों हें पुष्कळदां त्या धन्याच्या ध्यानींहि नसतें.

पुण्याच्या एका पेठेंतील वृद्ध गृहस्थांची हकीकत या बाबतींत बोधप्रद आहे. टपालखात्यांतून निवृत्त झाल्यावर त्यांनीं आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहावयास घेतला. सहा वर्षें ते कोंकणांतील गांवोगांव फिरले. देवळांतल्या वह्या, उपाध्यायांकडील टिपणें, वृद्ध बायकांनीं सांगितलेल्या आठवणी, हें सर्व त्यांनीं गूगल डॉक्स या ॲपमध्यें फोनवर स्वतः टाइप केलें. ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांपैकीं सात-आठ माणसें या सहा वर्षांत निवर्तलीं. म्हणजे त्या मजकुराचा मूळ आधारच आतां उरलेला नव्हता. एके दिवशीं फोनवर सूचना आली, कीं जागा संपत आली आहे. त्याच सुमारास नाशिकहून पुतण्या आला होता. तो म्हणाला, “काका, एवढं मोठं फोल्डर फोनमध्यें कशाला ठेवलंत? सगळं क्लाउडवर आहेच. इथलं काढून टाकतों.” काका म्हणाले, “अरे, पण नीट बघून काढ.” पुतण्यानें ड्राइव्हचें ॲप उघडलें, फोल्डर निवडलें आणि तें काढून टाकण्याची आज्ञा दिली. तें कचऱ्याच्या टोपलींत जात असल्याचें ॲपनें सांगितलें. परंतु ‘क्लाउडवर आहेच’ या समजुतीपुढें तें वाक्य वाचण्याची गरज कोणाला वाटणार?

पुढें काकांच्या डोळ्यांवर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ लिहिणें बंद राहिलें. सव्विसाव्या दिवशीं त्यांनीं फोन हातीं घेतला, तों फोल्डर दिसेना. नाशिकला फोन गेला. पुतण्या म्हणाला, “काका, क्लाउडवर बघा ना.” काका म्हणाले, “अरे, मी बघतोंय तो क्लाउडच आहे.” त्या दिवशीं काका जेवले नाहींत. संध्याकाळीं वरच्या मजल्यावरील कॉलेजांत जाणारी मुलगी सहज आली. तिनें तोच फोन घेतला, ॲपच्या कोपऱ्यांतील यादींतून कचऱ्याची टोपली उघडली आणि फोल्डर जागच्या जागीं आणून ठेवलें. गूगल ड्राइव्हची ही टोपली टाकलेली वस्तु ३० दिवस सांभाळते. त्यानंतर ती आपोआप कायमची नाहींशी होते. आणखी चार दिवस लोटले असते, तर सहा वर्षांचें काम आणि गेलेल्या माणसांचे शब्द, दोन्हीं एकदमच गेलीं असतीं.

या हकीकतींत पुतण्या निष्काळजी होता असें म्हणून भागणार नाहीं. त्याची चूक समजुतीची होती, आणि तीच समजूत घरोघरीं आहे. फोनमध्यें जें दिसतें तें एक, आणि क्लाउडवर आहे तें दुसरें, अशा दोन स्वतंत्र प्रती आहेत असें त्यानें मानलें. जुन्या दप्तराच्या बाबतींत हें मानणें बरोबरच ठरलें असतें. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील निवडक कागद रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखालीं १९३० ते १९३४ या काळांत ४५ खंडांत छापले गेले. उद्यां पुण्यांतील एखाद्या मूळ कागदाला वाळवी लागली, तर दुसऱ्या गांवच्या ग्रंथालयांतील छापील पानास कांहीं होत नाहीं. याचें नांव नक्कल. मूळ गेलें तरी जी राहते ती नक्कल. ड्राइव्हच्या ॲपमध्यें जें दिसतें तें मात्र नक्कल नव्हे, तें आरशांतील प्रतिबिंब आहे. माणूस आरशापुढून उठून गेला कीं प्रतिबिंबहि जातें. आणि या आरशाचें नवल असें, कीं त्यांतल्या प्रतिबिंबास पुसलें तर माणूसच नाहींसा होतो! फोन, टॅब्लेट आणि संगणक या सर्वांत एकच मजकूर दिसावा म्हणून जी जुळवाजुळव सतत चालते, तिला ‘सिंक’ म्हणतात. सिंक म्हणजे सुरक्षित नक्कल नव्हे. एवढें एक वाक्य जरी श्रोत्यांच्या घरीं पोंचलें, तरी आजच्या भाषणाचें सार्थक झालें.

आतां प्रश्न असा, कीं फोनची जागा तर मोकळी करावयाची आहे, मग करावें काय? त्यासाठीं स्वतंत्र आज्ञा आहे, आणि तिचा व काढून टाकण्याचा संबंध नाहीं. गूगल ड्राइव्हमध्यें प्रत्येक फाइलीच्या शेजारीं तीन टिंबें असतात; तीं दाबलीं म्हणजे ‘ऑफलाइन उपलब्ध’ अशा अर्थाचा पर्याय येतो. तो चालू असेल तर इंटरनेट नसतांनाहि फाइल उघडावी म्हणून तिची एक प्रत फोनच्या जागेंत ठेवलेली असते. तो बंद केला कीं फक्त ही फोनमधील प्रत जाते, मेघांतील कागद जेथल्या तेथें राहतो. काकांच्या पुतण्याला खरोखर हवी होती ती हीच कळ. आयफोनवरील आयक्लाउड ड्राइव्हमध्यें याच कामास ‘रिमूव्ह डाउनलोड’ हा पर्याय आहे. त्याच्या जवळचा ‘डिलीट’ मात्र सर्व उपकरणांवरून फाइल नाहींशी करतो. गूगल फोटोजमध्येंहि तसेंच आहे. तेथील ‘फ्री अप स्पेस’ ही आज्ञा, जीं छायाचित्रें आधींच मेघांत पोंचलीं आहेत तेवढींच फोनमधून काढते. ‘डिलीट’ दोन्हींकडून काढतो. सारांश, जागा मोकळी करणें आणि कागद नष्ट करणें हीं दोन निरनिराळीं कामें आहेत, आणि बोट ठेवण्यापूर्वीं आपण कोणतें करतों आहों हें वाचून पाहणें हाच मुख्य नियम.

दुसरी गोष्ट याच्या उलट आहे. पुष्कळांस वाटतें, कीं फोनवर लिहिलेलें सर्व आपोआप मेघांत जातें. तसेंहि नाहीं. मायक्रोसॉफ्ट वर्डच्या ॲपमध्यें फाइल फोनवरच ठेवतां येते किंवा वनड्राइव्हवर ठेवतां येते. फोनवर ठेवलेली फाइल फोन हरवला म्हणजे त्याच्याबरोबरच हरवते. वनड्राइव्हवर ठेवलेली असेल आणि ‘ऑटोसेव्ह’ ही कळ चालू असेल, तर लिहितां लिहितांच मजकूर वर जात राहतो. गूगल डॉक्समध्यें जतन करण्याची निराळी आज्ञाच नाहीं. इंटरनेट असेल तर अक्षरें उमटतांच तीं जतन होतात. पण आगगाडींत किंवा घाटांत इंटरनेट नसतांना लिहिलेलें फोनमध्यें थांबून राहतें आणि जोडणी मिळाल्यावर पुढें जातें. ॲन्ड्रॉइड फोनवरील ड्राइव्हमध्यें ‘फक्त वायफायवरूनच फाइली पाठवाव्या’ असें एक सेटिंग आहे. मोबाइलचा डेटा वांचावा म्हणून तें उपयोगी आहे. परंतु तें चालू ठेवून जो मनुष्य दोन महिने वायफायपासून दूर राहतो, त्याच्या चढवावयाच्या फाइली दोन महिने दारांतच खोळंबून राहतात. म्हणून महत्त्वाचा कागद टिपल्यावर तो खरोखर पोंचला कीं नाहीं, हें दुसऱ्या एखाद्या संगणकावर आपल्या खात्यांत जाऊन एकदां डोळ्यांनीं पाहावें. पोस्टांत रजिस्टर टाकणारा मनुष्य पावती घेतो; ही तशीच पावती समजावी.

तिसरी गोष्ट कागद दुसऱ्यास दाखविण्याची. वकिलांना खरेदीखत पाठवावयाचें असतें. फाइल जड असते, म्हणून तिचा दुवा, ज्यास सर्वजण लिंक म्हणतात, तो पाठविला जातो. गूगल ड्राइव्हमध्यें नव्या फाइलीस प्रारंभीं ‘रिस्ट्रिक्टेड’ ही मर्यादा असते. म्हणजे ज्यांचीं नांवें धन्यानें घातलीं असतील त्यांनाच ती उघडतें. वकिलांना ती उघडत नाहीं, ते फोन करतात, आणि घाईघाईनें घरचा मनुष्य ‘एनीवन विथ द लिंक’ हा पर्याय निवडतो. त्याचा अर्थ, दुवा ज्याच्या हातीं पडेल त्या कोणालाहि दार उघडें. दुवा एका हातांतून दुसऱ्या हातांत जावयास काय वेळ? आणि काम झाल्यावर तें दार लावून घेण्याची आठवण कोणास राहते? वास्तविक वकिलांचा ईमेल-पत्ता घालून तेवढ्यांनाच परवानगी देणें हें एका मिनिटाचें काम आहे. परवानगी देतांनाहि केवळ वाचण्याची, टीप लिहिण्याची आणि मजकूर बदलण्याची अशा तीन पायऱ्या आहेत. कागद दाखवावयाचा असेल तेव्हां पहिलीच पुरे. वर्षांतून एकदां, दिवाळीच्या साफसफाईच्या वेळीं म्हणा, कोणत्या फाइली कोणाकोणास उघड्या आहेत हें पाहून अनावश्यक दारें बंद करावीं.

कोठडीच्या जागेचाहि हिशेब ठेवावा लागतो. गूगल आपल्या सामान्य खात्यास १५ जीबी जागा विनामूल्य देतें, आणि ती ड्राइव्ह, जीमेल व फोटोज या तिघांत मिळून असते. जून २०२१ पासून नवीं छायाचित्रें या हिशेबांत धरलीं जातात. ॲन्ड्रॉइड फोनवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपहि २०२४ पासून त्यांतच मोजला जाऊं लागला. आयक्लाउड आणि वनड्राइव्ह यांची विनामूल्य जागा ५ जीबी एवढीच आहे. एतावता रोज सकाळीं येणारीं सुप्रभाताचीं फुलें, सणासुदीचीं शुभेच्छाचित्रें आणि पाहुण्यांच्या मुलांचीं नृत्यें हीं सर्व त्याच कोठडींत येऊन बसतात, जींत खरेदीखत आहे. गूगलची कोठडी भरली म्हणजे नवा कागद आंत घेतला जात नाहीं, आणि पत्रेंहि येईनाशीं होतात. फुलें बाहेर काढणें हा उपाय सोपा आहे; परंतु तो खरेदीखताला हात न लावतां करावयाचा असतो, म्हणून घाईनें करूं नये.

चौथी गोष्ट किल्लीची, आणि ती सर्वांत नाजूक आहे. ट्रंकेची किल्ली काकूंच्या कमरेला असे; कोणी गेलें तरी ती घरांतच राहत असे. या कोठडीची किल्ली म्हणजे खात्याचा पासवर्ड आणि ज्या मोबाइल क्रमांकावर पडताळणीचे आंकडे येतात तो क्रमांक. हे आंकडे मागण्याची दुहेरी पडताळणी अवश्य चालू ठेवावी; पण क्रमांक बदलला तर खात्यांतहि तो त्याच दिवशीं बदलावा, कारण बंद पडलेला क्रमांक कांहीं काळानें दुसऱ्या माणसास दिला जातो. शिवाय कर्ता पुरुष एकाएकीं गेला आणि पासवर्ड त्याच्याबरोबर गेला, तर घरचीं माणसें आपल्याच दप्तराच्या दाराबाहेर उभीं राहतात. याची तरतूद हयातींतच करतां येते. गूगलच्या खात्यांत ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ या नांवाचें सेटिंग आहे. खातें ३, ६, १२ किंवा १८ महिने निष्क्रिय राहिलें तर आपण नेमलेल्या विश्वासू माणसांस कळवावें आणि ठरवलेला मजकूर त्यांच्या स्वाधीन करावा, असें त्यांत लिहून ठेवतां येतें. अशीं १० पर्यंत माणसें नेमतां येतात. ॲपलनें २०२१ च्या अखेरीस ‘लेगसी काँटॅक्ट’ या नांवानें अशीच सोय केली. हें एक प्रकारचें छोटें मृत्युपत्रच आहे. तें न केल्यास काळहि थांबत नाहीं. दोन वर्षें मुळींच न वापरलेलीं वैयक्तिक खातीं मजकुरासह काढून टाकलीं जाऊं शकतात, असें धोरण गूगलनें २०२३ सालीं जाहीर केलेलें आहे.

कागदांचा एक वर्ग मात्र निराळा धरावा. भारत सरकारचें डिजिलॉकर २०१५ सालीं सुरू झालें. वाहन चालविण्याचा परवाना किंवा गुणपत्रिका यांसारखे कागद जें खातें देतें, त्या खात्यानेंच डिजिलॉकरमध्यें पाठविलेले असतील, तर माहिती-तंत्रज्ञान कायद्याखालील नियमांनुसार त्यांस मूळ कागदाची योग्यता आहे. आपण स्वतः फोटो काढून तेथें किंवा ड्राइव्हमध्यें चढवलेल्या कागदास ती योग्यता येत नाहीं. तो फोटो आठवणीस, दाखविण्यास आणि शोधण्यास उपयोगी. खरेदीखताचा मूळ कागद मात्र ट्रंकेंतच राहिला पाहिजे. मेघ आला म्हणून ट्रंक भंगारांत देऊं नये.

आतां त्या काकांकडे एकवार परत जाऊं. फोल्डर मिळाल्यावर पुतण्याला चैन पडेना. पुढच्या रविवारीं तो मुद्दाम पुण्यास आला आणि घरच्या संगणकावर ड्राइव्हचें जें फोल्डर दिसत होतें, तेंच एका पेनड्राइव्हवर उतरवून म्हणाला, “काका, आतां काळजी नको.” वरच्या मजल्यावरील मुलीनें तो पेनड्राइव्ह आपल्या संगणकास लावून इंटरनेट बंद केलें आणि फाइल उघडून पाहिली. आंत एक अक्षरहि नव्हतें! संगणकावरील त्या फोल्डरांत गूगल डॉक्सची जी फाइल दिसते, ती मजकूर नसून केवळ त्याचा पत्ता असते. मजकूर मेघांतच राहतो. पुतण्यानें पत्र उतरवून घेतलें नव्हतें, पाकिटावरचा पत्ता तेवढा उतरवला होता. मग त्या मुलीनें प्रत्येक प्रकरण पीडीएफ आणि वर्ड अशा दोन्हीं रूपांत उतरवून पेनड्राइव्हवर घेतलें, आणि पुन्हां इंटरनेट बंद करून तें उघडून दाखविलें. ही खरी नक्कल झाली.

तेव्हांपासून त्या घरांत एक रिवाज पडला आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं काका नव्या प्रकरणाची प्रत पेनड्राइव्हवर घेतात, आणि दर सहा महिन्यांनीं सर्व मजकूर कागदावर छापून घेतात. पेनड्राइव्ह नाशिकला पुतण्याकडे असतो आणि छापील पानें पुण्यास काकूंच्या कपाटांत. म्हणजे एका घरावर संकट आलें तरी दुसऱ्या घरीं प्रत राहावी. लिहिणें मात्र पूर्वींप्रमाणें फोनवरच चालतें, कारण त्या सोयीसारखी सोय नाहीं. मेघाचा उपयोग त्यांनीं सोडला नाहीं, त्याच्यावर एकट्यावर विसंबणें सोडलें.

श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं असा एखादा कुलवृत्तांत, आईनें सांगितलेली पाककृतींची वही, किंवा वडिलांच्या पत्रांची फोटोंनीं केलेली जुडी मेघांत ठेवलेली असेल, त्यांनीं आज रात्रीं तिची एक प्रत उतरवून घ्यावी, इंटरनेट बंद करावें, आणि ती उघडते कीं नाहीं हें पाहावें. उघडली तर ती नक्कल आहे. उघडली नाहीं, तर अजून आपल्या हातीं केवळ आरसाच आहे असें समजावें, आणि उद्यांच्या कामांच्या यादींत हें काम पहिलें लिहावें.